पाच वाजता लाइट नव्हती

निफाड तालुक्यात थ्री फेजची पाळी रात्रीची लागली की शेतकऱ्याच्या झोपेचे खोबरे होते. विहीर शेताच्या पार टोकाला, वाटेत ऊस, आणि उसात बिबट्या नसेलच याची खात्री कुणी द्यायची? म्हणून ओझर, पिंपळगावच्या शिवारात मोबाइलवर चालणारे स्टार्टर आले. अंथरुणात पडल्या पडल्या फोन लावायचा, पलीकडून एक ठरावीक आवाज आला की लाइट आहे असे समजायचे, मग बटण दाबायचे. तीन किलोमीटरवरची मोटार चालू. पुन्हा एक आवाज येतो, म्हणजे मोटारीने पाणी धरले. बंद करायला दुसरे बटण.

या कल्पनेचा एक गाजलेला अवतार पुण्यातला. संतोष ओस्तवाल या अभियंत्याने ‘नॅनो गणेश’ नावाचे असे यंत्र बनवले आणि २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. रात्री-अपरात्री पंपाकडे हेलपाटे घालणारे आजोबा त्यांनी लहानपणी पाहिले होते, त्यातून ही कल्पना सुचली.

हे सगळे ज्याला कळले, त्याला हौशी रेडिओवाल्यांचा रिपीटर कंट्रोलर अर्धा कळलाच म्हणायचा. माणसापासून दूर, कुलपाआड, रात्रंदिवस एकटे चालणारे यंत्र. त्याच्याशी बोलायचे ते फोनच्या बटणांच्या सुरांनी, आणि त्याने कधी काय करायचे हे ठरवायचे एका लहानशा घड्याळाने. उरलेले अर्धे कळायला मात्र थोडा डोंगर चढावा लागतो.

हौशी रेडिओ म्हणजे हॅम. सरकारची परीक्षा देऊन, परवाना आणि स्वतःचे सांकेतिक नाव घेऊन जगभरच्या लोकांशी बिनतारी बोलणारी ही मंडळी. भारतात बाराव्या वर्षापासून परीक्षा देता येते, ती दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा घेते. साधारण श्रेणीचे नाव व्हीयू२ ने सुरू होते, मर्यादित श्रेणीचे व्हीयू३ ने. स्वतंत्र भारतात त्यांची संघटना १९४८ मध्ये महूच्या लष्करी सिग्नल शाळेत स्थापन झाली. ओझरवरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता पुढे त्याच महूवरून जातो, हा केवळ योगायोग.

हॅमच्या हातातला छोटा वॉकीटॉकी, ज्याला ते ‘हँडी’ म्हणतात, पाच वॉटचा असतो. दोन मीटर पट्टा म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. त्यावरच्या लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात. दीड मीटर उंचीवर धरलेल्या हँडीचे क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर संपते. ओझरहून नाशिक वीस किलोमीटर, म्हणजे बोलणे होईलच असे नाही. पण अँटेना उंचावर गेली की गणित बदलते. हिशेब सोपा आहे: उंचीच्या मीटरचे वर्गमूळ काढा, त्याला साधारण चारने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. ओझरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे आणि त्र्यंबकचा ब्रह्मगिरी सुमारे १३०० वर. त्या सातशे मीटरच्या फरकातून शंभर किलोमीटरचे क्षितिज मिळते. (ब्रह्मगिरी हा उदाहरणापुरता. तिथे कुणी मनोरा उभारावा, असे इथे सुचवायचे नाही.)

अशा उंच जागी ठेवलेला रिपीटर एका कानाने ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या तोंडाने तेच पुन्हा बोलतो. दोन मीटर पट्ट्यावर ऐकण्याची आणि बोलण्याची वारंवारता सहसा ६०० किलोहर्ट्झने वेगळी ठेवतात, नाहीतर आपल्याच आवाजाने तो बहिरा होईल. त्यामुळे सिन्नरचा हँडी आणि चांदवडचा हँडी, दोघांनाही एकमेकांचे तोंड दिसत नसताना, गप्पा मारू शकतात. मोबाइलचे मनोरे बंद पडलेल्या दिवशी ही सोय किती मोलाची, ते वेगळे सांगायला नको.

पण हा रिपीटर बोलतो कधी आणि गप्प कधी बसतो? ते ठरवणारी वहीएवढी पेटी म्हणजे कंट्रोलर. अमेरिकेत एस-कॉम, लिंक कम्युनिकेशन्स, आर्कॉम अशा छोट्या कंपन्यांनी वर्षानुवर्षे हे कंट्रोलर बनवले. आता अनेक जण रास्पबेरी पायसारख्या पत्त्यांच्या कॅटएवढ्या संगणकावर फुकट मिळणारी प्रणाली चालवतात. पेटी कोणतीही असो, आतले काम तेच आणि ते बहुतेक मिनिट-सेकंदांचेच असते.

ओझरच्या माणसाला हे काम समजावणे इतरांपेक्षा सोपे आहे. दिंडोरीतल्या वाघाड धरणाचे पाणी कालव्याच्या शेवटी असलेल्या ओझरपर्यंत पोचत नव्हते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बापूसाहेब उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्राच्या मंडळींनी इथे पाणीवापर संस्था उभ्या केल्या. महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा ही त्या पहिल्या संस्थांची नावे. चारी एक, शेते अनेक, म्हणून प्रत्येकाला पाण्याचे तास ठरवून दिले. आपली वेळ संपली की दार खाली पाडायचे, मग वाफा अर्धा राहिलेला असो.

रिपीटर ही तशी एक चारी आहे. एका वेळी एकानेच बोलायचे. कुणी बोलायला लागला की कंट्रोलरमधला ‘टाइम-आउट टाइमर’ मोजू लागतो. साधारण तीन मिनिटे झाली की दार खाली. अमेरिकेच्या नियमांतही हाच आकडा आहे: दुरून नियंत्रण करण्याचा दुवा बिघडला तर प्रसारण तीन मिनिटांच्या वर चालू राहता कामा नये. हे बडबड्या माणसासाठी आहे असे वाटते. खरे तर ते मांडीखाली दाबल्या गेलेल्या माइकसाठी आहे. गाडीच्या सीटवर माइक पडला, त्याचे बटण दाबले गेले, आणि गाडीतल्या रेडिओवरचा गाण्यांचा कार्यक्रम शंभर किलोमीटरच्या परिसराला ऐकू आला, असे घडू शकते. तीन मिनिटांनी कंट्रोलर त्या गाडीचे तोंड बंद करतो.

बाकीचे टाइमर लहान असतात. बोलणाऱ्याने बटण सोडल्यावर रिपीटर दोन-तीन सेकंद तसाच चालू राहतो, त्याला ‘शेपूट’ म्हणतात. शेपटीत एक मंजुळ बीप वाजते. ती ऐकल्यावरच दुसऱ्याने बोलायचे, कारण बऱ्याच रिपीटरवर तीन मिनिटांचे मोजमाप बीपनंतरच पुन्हा शून्यापासून सुरू होते. घाईने बीपच्या आधी बोलणाऱ्याच्या खात्यात आधीच्या माणसाची मिनिटेही जमा होतात. शिवाय ठरावीक वेळाने रिपीटर स्वतःचे सांकेतिक नाव मोर्सच्या कट्ट-कडकट्टमध्ये सांगतो. अमेरिकेत ही मुदत दहा मिनिटांची आहे.

हे आकडे भरताना सर्वांत जास्त फसवते ते एकक. एका पेटीत शेपटीची लांबी सेकंदात भरायची असते, दुसरीत सेकंदाच्या दहाव्या भागात. तीन सेकंदांसाठी कुणी ‘३०’ भरले आणि पेटी सेकंदांची निघाली, तर प्रत्येक वाक्यानंतर अर्धा मिनिट रिपीटर नुसता गुणगुणत बसतो. पंख्याचे, बॅटरीचे आणि ऐकणाऱ्यांच्या संयमाचे नुकसान एकदमच होते.

हे झाले मोजपट्टीचे काम. त्यापलीकडे कंट्रोलरला भिंतीवरचे घड्याळही लागते: आज वार कोणता आणि वाजले किती. रोज रात्री साडेआठला ‘नेट’, म्हणजे सगळ्यांची हजेरी आणि गप्पा, असेल तर सव्वाआठला त्याची घोषणा करायची. मध्यरात्रीनंतर घोषणा बंद ठेवायच्या. दुपारी कडक उन्हात पंखा लावायचा. ठरावीक वेळी दूरच्या दुसऱ्या रिपीटरशी दुवा जोडायचा. या प्रत्येक कामासाठी आज्ञांची एक माळ गुंफून ठेवतात, तिला ‘मॅक्रो’ म्हणतात, आणि घड्याळ त्या त्या वेळी ती माळ ओढते.

आता घड्याळच चुकले तर?

कंट्रोलरच्या पोटात बटणासारखी तीन व्होल्टची बॅटरी आणि एक क्वार्ट्झचा स्फटिक असतो. मनगटी घड्याळात असतो तोच. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा विचित्र दिसला तरी सोयीचा आहे: त्याला पंधरा वेळा निम्मे केले की नेमका एक उरतो, म्हणजे एक सेकंद. पण हा स्फटिक पंचवीस अंश तापमानाला ट्यून केलेला असतो. त्याहून गारठा वाढला तरी तो मंदावतो आणि उकाडा वाढला तरी मंदावतोच. फरक जितका मोठा, तितकी चूक त्याच्या वर्गाच्या पटीत वाढते. मनगटावर त्याला शरीराची ऊब मिळते. डोंगरावरच्या पत्र्याच्या खोलीत कोण ऊब देणार?

आणि हा तर निफाडचा परिसर. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी जवळजवळ दर थंडीत येते, द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात. पाच अंशांना असा साधा स्फटिक दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास मागे पडतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत पंचेचाळीस अंश झाले की तितकाच पुन्हा मागे. महिन्याला अर्ध्या मिनिटाची ही उधारी फेडणारा कुणी नसल्याने वर्षभरात काही मिनिटांचा घोळ सहज होतो. हल्ली तापमान पाहून स्वतःची चाल सुधारणारी घड्याळ-चिप मिळते, तिची चूक वर्षाला मिनिटभरच. काही शे रुपयांचा हा खर्च कंजूषपणा न करता करावा असा आहे.

काही जुनी यंत्रे बॅटरी-स्फटिकाऐवजी घरातल्या विजेच्या ठेक्यावर वेळ मोजत. अमेरिकेहून भावाने किंवा मुलीने आणलेले विजेवरचे टेबल-घड्याळ ज्या घरात आले आहे, त्या घराला हा प्रकार ठाऊक असेल. व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर लावला, घड्याळ जळाले नाही, सगळे खूश. तासाभराने पाहावे तर दहा मिनिटे मागे! तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे खाते, इकडची पन्नास, आणि ट्रान्सफॉर्मर त्याबाबत काही करू शकत नाही.

अमेरिकन कंट्रोलरचा आणखी एक उपद्व्याप म्हणजे उन्हाळी वेळ. तिकडे मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढे आणि नोव्हेंबरमध्ये मागे करतात. ही सोय अनेक पेट्यांत आधीच चालू असते. इथे ती बंद करायची राहिली, तर मार्चमधल्या एका रविवारी पहाटे ओझरच्या माणसाला पत्ताही न लागता रिपीटर तासभर पुढे पळतो. अमेरिकेनेच २००७ मध्ये या तारखा बदलल्या, तेव्हा जुना नियम चिपमध्ये कोरलेल्या पेट्या तिथेही तीन-चार आठवडे चुकीची वेळ सांगत राहिल्या. आपल्याकडे हा खेळ दुसऱ्या महायुद्धात खेळून झाला आहे. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारताची घड्याळे एक तास पुढे होती.

वेळेबाबतची हुज्जत महाराष्ट्राला नवी नाहीच. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेला आपला ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडला नाही. ओझरचा सूर्य आजही सरकारी घड्याळाच्या सुमारे ३४ मिनिटे मागे चालतो, कारण प्रमाणवेळेची रेषा मिर्झापूरजवळून जाते आणि ओझर तिच्या बरेच पश्चिमेला आहे. त्यात इथे विमानतळ. १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग कारखाना आला, गावाच्या नावालाच ‘ओझर मिग’ अशी जोड मिळाली. मिगनंतर सुखोई बनले आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी इथे तयार झालेले पहिले तेजस मार्क १-ए आकाशात गेले. जगभरची विमानवाहतूक चालते ती इंग्लंडच्या ग्रीनिचशी जुळणाऱ्या जागतिक वेळेवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. बहुतेक हॅमही परदेशी संभाषणांची नोंद त्याच वेळेत ठेवतात.

मग रिपीटरच्या घड्याळात कोणती वेळ भरावी? इथे दोन मते आढळतात, पण स्थानिक लोकांना ऐकू जाणाऱ्या रिपीटरवर जागतिक वेळ लावणे म्हणजे एस.टी. स्टँडवर लंडनचे वेळापत्रक टांगणे. प्रमाणवेळच भरावी, तीही चोवीस ताशी. बारा ताशी पेटीत सकाळ-संध्याकाळचा आकडा चुकला की रात्रीच्या नेटची घोषणा सकाळी साडेआठला, लोक डबे भरत असताना होते. वाराचाही घोळ असतो. काही पेट्या रविवारला शून्य म्हणतात, काही एक. सोमवारचे काम रविवारी होऊ लागले, तर यंत्राला दोष देण्याआधी माहितीपुस्तिकेचे ते पान पाहावे.

ही वेळ भरायची कशी, तर हँडीच्याच बटणांनी. फोनचे प्रत्येक बटण एकाच वेळी दोन सूर काढते, हार्मोनियमच्या दोन पट्ट्या एकदम दाबाव्यात तसे. पाच दाबले तर ७७० आणि १३३६ हर्ट्झ. आडव्या ओळीचा एक सूर, उभ्या ओळीचा दुसरा. दोन्ही एकदम आणि ठरावीक जोडीतच आले तर ते बटण, नाहीतर माणसाची बडबड. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या बेल कंपनीने ही पद्धत फोनसाठी आणली. मूळ आराखड्यात सोळा बटणे आहेत. ए, बी, सी, डी ही चौथी उभी ओळ घरगुती फोनवर कधी आली नाही, अमेरिकी लष्कराच्या फोनजाळ्यात मात्र महत्त्वाचा फोन पुढे दामटायला ती वापरली गेली. हॅमच्या हँडीवर ती चार बटणे अजून सापडतात. नियंत्रणाच्या संकेतात त्यातले एखादे अक्षर घातले, तर साध्या फोनवरून चाळा करणारा तिथेच अडतो.

आज्ञेची रचना सगळीकडे जवळपास सारखी: आधी गुप्त संकेत, मग कोणती आज्ञा त्याचा क्रमांक, मग आकडे, आणि शेवटी ‘संपले’ सांगणारे चिन्ह. वेळ लावताना वर्ष, महिना, तारीख, वार, तास, मिनिट हे क्रमाने दाबायचे. जाणते लोक पुढच्या मिनिटाचा आकडा आधीच भरून थांबतात आणि मिनिट पालटताना शेवटचे चिन्ह दाबतात. पूर्वी यासाठी आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर कान लावून बसत. आता मोबाइल चालतो, कारण देशाची अधिकृत वेळ राखणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची वेळ इंटरनेटवरून मिळते. आज्ञा पोचली की कंट्रोलर एखादा शब्द बोलतो किंवा मोर्समध्ये होकार देतो. होकार आला नाही तर पुन्हा दाबावे. होकार आला तरी वेळ विचारून घ्यावी, कारण होकार हा आज्ञेचे व्याकरण बरोबर असल्याचा असतो, आकडे बरोबर असल्याचा नव्हे.

इथवर सगळे सुरळीत. आता खरी गोम.

समजा, मंडळाने ठरवले की रात्री अकरा ते पहाटे पाच रिपीटर मुका ठेवायचा. दोन मॅक्रो लिहिले: अकराला बंद, पाचला चालू. महिनाभर उत्तम चालले. मग एका पहाटे साडेचारला लाइट गेली आणि पावणेसहाला आली. घड्याळ बॅटरीवर होते, ते अचूक पावणेसहा दाखवत होते. पण पाच वाजले तेव्हा कंट्रोलर मेलेला होता. पाचची माळ ओढायला कुणीच नव्हते, आणि पावणेसहाला उठलेल्या यंत्राला वाटते की पाचचे काम आता उद्याच्या पाचला. बंद केल्याची खूण मात्र त्याच्या स्मरणात पक्की. दिवसभर लोक बटण दाबून थकतात, कुणी म्हणते अँटेना पडली, कुणी म्हणते वीज कोसळली, दोघे जण हत्यारांची पिशवी घेऊन डोंगर चढतात. वर सगळे ठणठणीत. यंत्र आज्ञाधारकपणे गप्प बसलेले असते.

बहुसंख्य वेळापत्रके अशीच असतात: चुकलेली वेळ ती मागे वळून पाहत नाहीत. संगणकांवरची नेहमीची ‘क्रॉन’ नावाची व्यवस्थाही तशीच वागते. उपाय शेतकऱ्याने कधीचाच शोधला आहे. मोटारीचा ‘ऑटो’ स्विच काय करतो? किती वाजले हे तो विचारत नाही. लाइट आली, थोडे थांबायचे आणि मोटार चालू. (सगळ्या शिवाराचे ऑटो एकाच क्षणी लागले की डीपीवर ताण येतो, ती त्या सोयीची किंमत.) कंट्रोलरमध्येही ‘वीज आल्यावर काय करायचे’ याची एक वेगळी माळ असते. तिच्यात रिपीटर चालू करण्याची आज्ञा पहिली असली पाहिजे. मध्यरात्री लाइट येऊन रिपीटर चुकून जागा राहिला तर फारसे बिघडत नाही. पुराच्या दिवशी तो मुका राहिला तर बिघडते.

तसे पाहिले तर घड्याळावर सोपवलेली कामे जितकी कमी, तितका रिपीटर बरा. नव्या पेट्या शंभरेक मॅक्रोंची जागा देतात आणि नव्या उत्साहात ती भरलीही जाते. दोन वर्षांनी ती कुणी, का लिहिली हे कुणालाच आठवत नाही.

नियंत्रणाच्या बाबतीत मात्र एक आज्ञा कधीच विसरू नये, ती बंद करण्याची. चालू करायला सगळेच शिकतात. पण बिघडलेला रिपीटर अखंड प्रसारण करत राहिला, तर तो आपला पट्टाच नव्हे, शेजाऱ्यांचेही रेडिओ घाण करू शकतो, आणि परवाना ज्याच्या नावावर आहे त्याला ते घरबसल्या थांबवता आले पाहिजे. नवीन पेटी बसवताना डोंगर उतरण्याआधी ही आज्ञा खालच्या गावातून, हँडीवरून, दोघांनी वेगवेगळी देऊन पाहावी.

आणि गुप्त संकेत? तो हवेतून जातो, म्हणजे कुणीही तो ऐकू शकतो. स्वस्तातला चिनी हँडीसुद्धा आज हे सूर ओळखून दाखवतो. म्हणून शहाणी मंडळे नियंत्रण वेगळ्या वारंवारतेवर ठेवतात, सूर पुढे प्रसारित होऊ देत नाहीत आणि संकेत अधूनमधून बदलतात. कारखान्यातून आलेला संकेत माहितीपुस्तिकेत छापलेला असतो. तोच कायम ठेवणे म्हणजे कुलपाला किल्ली लटकवून जाणे. बदललेला संकेत सगळेच विसरले तर पेटीच्या आत एक छोटी कळ असते, जी मूळ संकेत परत आणते. तिच्यासाठी पुन्हा डोंगर.

हॅमना आपले बोलणे दडवायची मुभा नाही. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांनुसार देशादेशांतल्या हॅमचे संदेश अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक केलेले चालत नाहीत. त्याला एक अपवाद आहे: हौशी उपग्रहांना जमिनीवरून दिलेल्या नियंत्रण-आज्ञा. कारण तिथला डोंगर चढताच येत नाही. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा जेमतेम किलोभराचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीवर गेला, तो हॅम लोकांचे संदेश एका ठिकाणी घेऊन दुसऱ्या ठिकाणी देण्यासाठीच होता. सप्टेंबर २०२० पासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही एक रिपीटर आहे. तो १४५.९९० मेगाहर्ट्झवर ऐकतो आणि ४३७.८०० वर बोलतो. ऐकायला त्याला ६७ हर्ट्झचा एक खोल, माणसाला जवळजवळ न जाणवणारा सूर सोबत लागतो. हा सूर नसेल तर रिपीटर ढुंकूनही पाहत नाही. डोंगरावरच्या रिपीटरलाही असाच सूर लावतात, भलत्या आवाजांनी तो उगीच जागा होऊ नये म्हणून. स्थानक ओझरवरून जाते तेव्हा क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचा प्रवास दहा मिनिटांत आटोपतो.

रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. चौथ्या पिढीपर्यंतच्या या पाटीत स्वतःचे घड्याळच नाही. २०२३ मध्ये आलेल्या पाचव्या पिढीत ते प्रथम आले, तेही वेगळी बॅटरी जोडली तरच लाइट गेल्यावर चालते. जुन्या पाट्या इंटरनेटवरून वेळ घेतात. डोंगरावर लाइट आली पण इंटरनेट आले नाही, तर पाटी बंद पडण्याआधी शेवटची नोंदलेली जी वेळ होती तिथूनच पुढे मोजू लागते, अगदी आत्मविश्वासाने. आणि ज्या दिवशी इंटरनेट नसते, नेमका त्याच दिवशी रिपीटर हवा असतो. घड्याळाची वेगळी चिप लावणे हाच इथे उपाय.

तेव्हा एखाद्या मंडळाने नवा कंट्रोलर बसवला, वेळ भरली, मॅक्रो लिहिले, पुस्तिका मिटली, की खोलीचे दार लावण्याआधी एकच करावे. मेन स्विच बंद करावा. बॅटरीचा बॅकअप असेल तर तोही काढावा. बरोबर आणलेला चहा सावकाश प्यावा. मग स्विच चालू करून हँडीवरून वेळ विचारावी. उत्तर ‘बारा वाजून एक मिनिट’ असे आले आणि हातातल्या घड्याळात सव्वापाच झाले असतील, तर अंधार पडायच्या आत खाली उतरायची घाई करू नये. आतली तीन व्होल्टची बॅटरी आधी बदलावी.